वेदीवरचा लाल, पेटीतला पोपटी

जून महिन्यात आमच्या नॉर्डवीकमध्ये दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी रंगाची चौकशी होते. "कुठला चाललाय?" एवढंच विचारायचं. समोरचा म्हणणार, "नारिंगी," नाहीतर, "काल पांढरा चालत होता, आजचं काही खरं नाही." हा जिगचा रंग. जिग म्हणजे शेवटी गळच, फक्त त्याच्या मानेवर वाटाण्याएवढं शिशाचं डोकं असतं आणि ते रंगवलेलं असतं. त्याला बारकी मासळी टोचायची, तळापर्यंत सोडायचं आणि हलक्या हातानं उडवत राहायचं. खाली वॉलआय मासा असतो. काचेच्या गोटीसारखे डोळे, अंधुकातही सगळं दिसतं, आणि स्वभावानं असा लहरी की काल ज्या रंगावर जीव टाकला त्याच्याकडे आज ढुंकून बघणार नाही.

मग रंग ठरवायचा कसा? मिनेसोटातल्या इतर गावांचे लोक त्यासाठी आभाळ बघतात. आम्ही वेदी बघतो.

देवळात वेदीवर जे वस्त्र घालतात त्याचा रंग वर्षभर बदलत जातो. प्रभूच्या जन्माला आणि पुनरुत्थानाला पांढरा, उपवासाच्या दिवसांत जांभळा, पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, आणि एकदा उन्हाळा लागला की पुढे कितीतरी रविवार हिरवाच. व्हर्नन स्कारचे वडील एकदा भक्ती आटोपून थेट तळ्यावर गेले, वेदीवरचा हिरवा डोळ्यांसमोर होता म्हणून हिरवाच जिग लावला, आणि परत आले ते माशांच्या वजनानं काठ पाण्याला टेकलेली नाव घेऊन. तेव्हापासून व्हर्नन आपल्या आमिषाच्या दुकानाबाहेर पाटी लावतो: 'या आठवड्याचा रंग.' ही नुसती गंमत आहे असं आम्ही सगळे म्हणतो, आणि सगळे तोच रंग घेऊन जातो.

वेदीची व्यवस्था माझ्याकडे आहे. वस्त्रं धुणं, इस्त्री करणं, मेणबत्त्यांचं मेण खरवडणं, सगळं. म्हणून पाद्रीबाबांचं काय चाललंय ते मला जवळून दिसायचं.

पाद्रीबाबा आर्विद ट्वेट यांचं प्रवचन ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. सुरुवात साधीच असायची. बियाण्याचे बटाटे, शेजाऱ्याचा कुत्रा, कालचा पाऊस. मग बोलता बोलता एका वाक्याचं शेपूट जरा वर जायचं. पुढच्याचं आणखी वर. आणि आपण खोकला आवरून बसतो न बसतो तोच कळायचं, की बाबा आता बोलत नाहीत, गात आहेत. पुस्तक नाही, बाजाची पेटी नाही. आजोबा-पणजोबांनी नॉर्वेतून आणलेली जुनी चाल, शब्द मात्र त्या क्षणाला सुचलेले. मागच्या बाकावर माझा नवरा ऑर्लिन हळूच म्हणायचा, "सुटली बरं का नाव." त्या नावेत बसून मी माझ्या आईचं मरण पार केलंय. दुसरं काही मला सांगता येत नाही.

नोव्हेंबरात त्यांची बायको सोल्वाय गेली, आणि नाव धक्क्याला बांधली गेली ती बांधलेलीच राहिली. प्रवचन व्हायचं. नीट, मुद्देसूद, कोरडं. लोक दार उघडून बाहेर पडताना म्हणायचे, "छान झालं आज," आणि टोपी घालायचे.

मे महिन्यात ते आमच्या ओसरीवर आले, कॉफीचा कप हातात धरून बराच वेळ बसले.

"नील्स बोलावतोय, गुड्रुन," ते म्हणाले. नील्स त्यांचा मुलगा, अ‍ॅरिझोनात असतो. "त्याच्याकडे खोली रिकामी आहे."

"जवळपास तळं आहे का?"

"घरामागे पोहायचा हौद आहे म्हणे."

"हौदात काय धरणार? बेडूक?"

ते हसले नाहीत. "मंडळीच्या मासेमारीपर्यंत बघतो. एकट्यानं निभतंय असं दिसलं तर राहीन. नाही निभलं तर तुम्हां सगळ्यांना ओझं होण्यात अर्थ नाही."

मंडळीची मासेमारी जूनमधल्या एका शनिवारी असते. सगळं देऊळ हेरॉन तळ्यावर उतरतं, आणि दुपारी काठावर चूल मांडून जे मिळालं ते तळून खातात. तोवर मी त्यांच्यावर नजर ठेवणार होते. कुठे अडलं तर त्यांच्या नकळत उचलून धरायचं, असा माझा बेत. पण देवानं आधी मलाच आडवं केलं. धक्क्याच्या ओल्या फळीवर पाय सटकला आणि घोट्याला प्लास्टर बसलं. वेदीच्या पायऱ्या चढणं बंद.

"मी घालतो वस्त्र," ऑर्लिन बाबांना म्हणाला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "पाद्र्याला एक कापड पसरता येत नसेल तर मग झालंच."

त्या रविवारपासून हिरवा सुरू व्हायचा होता. मी कुबड्या टेकत देवळात शिरले, मान वर केली, आणि वेदीवर लालभडक. सोल्वायनं सगळी वस्त्रं एकाच घाटाची शिवलेली, मधोमध तोच सोनेरी क्रूस, पण रंगाची चूक व्हावी असं त्यात काही नव्हतं. बाबा बाहेर आले. गळ्यातलं उपरणंही लाल.

सगळ्या मंडळीनं पाहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही. गीतं झाली, प्रवचन झालं, कोरडंच. नंतर तळघरात कॉफी आणि लिंबाच्या वड्या.

"आज वेदी... वेगळी होती नाही?" एक बाई म्हणाली. आमच्याकडे 'वेगळी' म्हणजे काय ते आमच्याकडच्यालाच कळतं.

"वेगळी होती," दुसरीनं वडी उचलली.

"काहीतरी मनात असेल त्यांच्या," तिसरी म्हणाली. "पवित्र आत्म्याचा सण आपण यंदा पावसात घाईनं उरकला. कदाचित पुन्हा करायचा असेल."

"मग विचारा ना त्यांना," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना भर थंडीत तळ्यात उडी मारायला सांगितलंय. मीही विचारलं नाही. बाबा समोरच उभे होते, वडी खात, बऱ्याच दिवसांनंतर जरा खुशीत. कापड पसरलं होतं ना त्यांनी, एकट्यानं.

संध्याकाळी ऑर्लिन दुकानावरून आला. व्हर्ननच्या पाटीवर 'लाल' लागलं होतं आणि लाल जिग संपलेसुद्धा होते.

"तू नाही ना घेतलास?" मी विचारलं.

"शेवटची दोन पाकिटं मीच घेतली."

"ऑर्लिन, चुकलंय ते. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. मला काय करायचंय, मी धर्मपंडित नाही." त्यानं पाकीट खिशात टाकलं. "उद्या लालच चालला तर? मग एकटा हिरवा घेऊन बसू?"

शनिवारी मंडळी तळ्यावर जमली. हवा मनासारखी होती, आभाळ भरलेलं आणि पाण्यावर बारीक लाटा, म्हणजे वॉलआयला उजेडाचा त्रास नाही. टोपल्यांत बटाटे, कांदे, डुकराची चरबी, घेवड्याच्या शेंगा. मांस मात्र कुणीही आणत नाही. फार वर्षांपूर्वी एका नव्या जावयानं 'न जाणो' म्हणून सॉसेजं आणली होती, त्याला अजून बायबलातल्या शंकेखोर शिष्याच्या नावानं 'अविश्वासू थोमा' म्हणतात. मासा मिळाला तर मासा, नाहीतर बटाटे.

सोल्वाय नेहमी बाबांच्या नावेत पुढच्या फळीवर बसायची. यंदा मी हट्टानं त्या नावेत चढले, प्लास्टरला कचऱ्याची काळी पिशवी बांधून. ऑर्लिन इंजिनापाशी बसला.

"पिशवी घट्ट बांधलीय ना?" बाबा म्हणाले. "नाहीतर संध्याकाळी हिला कचऱ्याबरोबर उचलून नेतील."

"नेऊ देत की," ऑर्लिन म्हणाला. मी त्याला कुबडीनं ढोसलं. बरं वाटलं. बाबा थट्टा करत होते.

तळ्याच्या मधल्या, पाण्याखालच्या उंचवट्यापाशी सगळ्या नावा पांगून थांबल्या. जिकडे बघावं तिकडे गळाच्या काठीच्या टोकाला लाल ठिपका. बाबांनी आपली पेटी उघडली. एकेका कप्प्यात जिगच जिग, सगळे रंग. ते बराच वेळ पेटीत बघत राहिले. बोट एका कप्प्यावरून दुसऱ्यावर जायचं, थांबायचं, परत यायचं. मग त्यांनी एक उचलला आणि गाठ मारू लागले.

"मी आपला हिरवाच लावतो," ते म्हणाले. "वेदीशी जुळलेला बरा."

त्यांच्या बोटांत लाल जिग होता. टोमॅटोसारखा लाल.

मी ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिननं माझ्याकडे. गेला आठवडाभर ज्याचा अर्थ सगळं गाव लावत होतं त्याचा अर्थ आमच्यामध्ये फळीवर येऊन बसला. मी डोळ्यांनी ऑर्लिनला सांगितलं, गप्प बस. चाळीस वर्षांच्या संसारात माझे डोळे त्यानं कधी वाचलेले नाहीत.

"पाद्रीबाबा," तो म्हणाला, "तो लाल आहे."

बाबांचे हात थांबले. नाव लाटांवर हळू हलत होती. दूर लून पक्षी ओरडला.

"आणि वेदीवर?" त्यांनी विचारलं.

"तोही."

"रविवारभर?"

"रविवारभर. आणि उपरणंही."

"आणि ही मंडळी?" त्यांनी आजूबाजूच्या नावांकडे मान केली. "हे सगळे कुठला लावून बसलेत?"

"तुम्ही घातलात तो," मी म्हटलं.

त्यांनी जिग पेटीत ठेवला आणि हात मांडीवर. "लहानपणी मी हिरव्या स्ट्रॉबेऱ्या तोडून आणायचो, तेव्हा कळलं घरी," ते म्हणाले. "मला दोन्ही सारखेच दिसतात, जुन्या चामड्यासारखे. सोल्वाय सांगायची. सकाळी मोजे, परसात टोमॅटो पिकला का, रविवारी उपरणं, आणि इथे बसून जिग. हात पुढे केला की हातावर बरोबर तो पडायचा. आधी लाज वाटली म्हणून कुणाला बोललो नाही. नंतर बोलायची गरजच पडली नाही." मग म्हणाले, "तर मग उत्तर मिळालं. नील्सला आज कळवतो."

 मी काहीतरी मोठं, वचनातलं, धीराचं शोधत होते. तेवढ्यात ऑर्लिन म्हणाला, "कळवा. पण आधी आम्हाला बटाट्यांपासून वाचवा. सकाळपासून एकालाही मासा लागलेला नाही."

खरंच होतं. इतक्या नावा, आणि एकही काठी वाकलेली नाही. बरं, कुणी रंग बदलतही नव्हतं. बदलणं म्हणजे पाद्री चुकला असं चारचौघांत म्हणणं, आणि ते पहिल्यांदा कोण म्हणणार? सगळे एकमेकांच्या नावांकडे बघत लाल उडवत बसले होते.

बाबांनी आभाळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. तळ्याचं पाणी जूनमध्ये हिरवट होतं. "रंग मला कळत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "उजळ आणि काळं कळतं. कदाचित तुमच्यापेक्षा जास्तच, कारण माझ्याकडे तेवढंच आहे." त्यांनी मघाचा लाल दोरीला बांधून नावेच्या कडेनं पाण्यात सोडला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. हात-दोन हात खाली गेला आणि मातीच्या खड्यासारखा काळा पडला. मग दिसेनासा.

"विझला," बाबा म्हणाले.

मग नारिंगी सोडला. तो जरा जास्त टिकला. निळा कधी गेला कळलंच नाही. असे एकेक सोडत, एकेक काढत ते निघाले. त्यांच्या चेहऱ्यावरची ती आठवड्याभराची खुशी नव्हती, पण दुसरं काहीतरी आलं होतं. काम करणाऱ्या माणसाचा चेहरा.

शेवटी एक सोडला. तो खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तिथूनही दिवा लावल्यासारखा दिसत राहिला.

"हा," बाबा म्हणाले. "हा कुठला ते मला माहीत नाही. पण हा खोल जाऊनही विझत नाही."

"पोपटी," मी म्हटलं.

"पोपटी," ते म्हणाले, नव्यानं ओळख झालेल्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

मासळी टोचली, तळाला सोडला, दोनदा उडवला. तिसऱ्यांदा उडवायची वेळच आली नाही. काठी कमानीसारखी झाली. ऑर्लिननं जाळी घातली आणि नावेच्या तळाशी तो सोनेरी अंगाचा, गोटी डोळ्यांचा महाशय आपटू लागला. ऑर्लिनच्या बाहीवर पाणी, माझ्या पिशवीवर पाणी. बाबा त्या माशाकडे बघत होते. मग त्यांनी दुसऱ्या नावांकडे पाहिलं. ते सगळे आमच्याकडे बघत होते.

"यांना सांगायला हवं," ते म्हणाले.

"मी ओरडतो," ऑर्लिन म्हणाला.

"नको. माझं आहे ते."

ते उठून उभे राहिले. नाव डगमगली, मी फळी घट्ट धरली. पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "रविवारी वेदीवर लाल होता. हिरवा असायला हवा होता. मला लाल-हिरवा ओळखता येत नाही. कधीच आलेला नाही. माझी बायको सांगायची." त्यांनी सगळ्या नावांवरून नजर फिरवली. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत, आणि एकानंही सांगितलं नाही." या वाक्याचं शेपूट जरा वर गेलं.

ऑर्लिननं माझा खांदा पकडला.

"सांगितलं नाहीत, प्रेमापोटी," बाबा म्हणाले, आणि ते आणखी वर गेलं, "आणि प्रेमापोटी लाल बांधून, रिकाम्या जाळीनं बसलात." आता चाल लागली होती. जुनी, आम्हा सगळ्यांच्या हाडांत मुरलेली. पाण्यावरून ती नावा-नावांशी जाऊन टेकत होती.

"वरती लाल, झळाळे लाल,
खोल जाता विझे तो लाल.
वरती दिसतो तो नका धरू,
खोल टिकतो तो बांधा गडे,
खोल टिकतो तो बांधा."

पुढे सोल्वाय आली त्यात. मोजे आले, टोमॅटो आले, हातावर पडणारा जिग आला. जी गेल्यावरही विझली नाही ती आली. ते मी इथे लिहू शकत नाही, ते गाण्यातच होतं. शेवटी त्यांनी पालुपद पुन्हा धरलं आणि थांबले, जसे देवळात थांबतात. एका नावेतून बायकांचा आवाज आला, मग दुसऱ्या नावेतून पुरुषांचा, आणि सगळं तळं मिळून "आमेन" म्हणालं, चार सुरांच्या मेळात, जसं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

 मग पेट्या उघडल्याचे आवाज, खटाखट, सगळीकडून.

"पोपटी माझ्याकडे आहेत," व्हर्नन त्याच्या नावेतून म्हणाला. "हवे असतील त्यांनी इकडे या."

"तू कुठला लावला होतास रे?" ऑर्लिननं त्याला विचारलं.

व्हर्नननं आपली काठी हळूच वर केली. टोकाला गुलाबी.

"पाटीवर लाल लिहून?"

"वेगळा करून बघत होतो," व्हर्नन म्हणाला.

दुपारी चुलीवरच्या कढईत चरबी तडतडत होती आणि मासे कमी नव्हते. लोक येऊन बाबांशी बोलत होते, म्हणजे आमच्या पद्धतीनं, शेजारी उभं राहून तळ्याकडे बघत. एकजण म्हणाला, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कधी बोललो नाही." दुसरी म्हणाली, "मला बारीक अक्षर दिसत नाही, गीतं मी पाठ म्हणते." अविश्वासू थोमानं बाबांच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

"आम्हाला माहीत होतं चुकलंय ते," व्हर्नन म्हणाला. "वाटलं, तुमचं काही कारण असेल."

"मग विचारायचं ना."

"तुम्हीही विचारलं नाहीत, बाबा."

बाबांनी घास तोंडात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नील्सला कळवायचं आहे, तुझा फोन दे."

मी नाइलाजानं दिला. ते बर्चच्या झाडापाशी गेले. वारा आमच्याकडे होता, सगळं ऐकू आलं. "नील्स? हो, मासे मिळाले. ऐक, ती खोली तुझी बायको शिवणासाठी मागत होती ना, तिला देऊन टाक. मी ऑगस्टात येऊन तुमचा हौद बघतो. नाही, राहायला नाही. बघायला."

पुढच्या रविवारी ते वेदीसमोर आले ते दोन्ही हातांवर दोन वस्त्रं घेऊन. भक्ती सुरू व्हायची होती. त्यांनी उजवा हात उचलला.

"मंडळी, हा कुठला?"

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे म्हणाले, "लाल."

त्यांनी डावा उचलला. "आणि हा?"

"हिरवा," मंडळी म्हणाली.

"जांभळा," मागच्या बाकावरून ऑर्लिन म्हणाला.

"ऑर्लिन, तुझ्यापुरते उपवासाचे दिवस आजपासून," बाबा म्हणाले, आणि हिरवा पसरला. कोपरे नीट केले. मग बियाण्याच्या बटाट्यांपासून सुरुवात केली.

व्हर्ननच्या पाटीवर आता दोन ओळी असतात. वरती 'वेदी: हिरवा.' खाली 'मासा: पाद्रीबाबांना विचारा.' पहाटे धक्क्यावर लोक आपापल्या पेट्या घेऊन त्यांच्याभोवती उभे असतात, बाबा एकेक जिग पाण्यात सोडतात आणि म्हणतात, "विझला. विझला. हा बघा, हा राहिला. काय नाव याचं?" आणि कुणीतरी त्यांना सांगतं.